शेजारच्या घरातला एक

बसा नीट. आणि मध्येच कुणी 'मग काय झालं' म्हणून विचारलं, तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. थापा मारायचं माझं वय राहिलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, त्या शिंप्यानं माझा हात धरून मला सांगितलंय.

तापाची साथ होती. बुधवार, रात्रीचे पावणेदहा. शिंपी औषध आणायला बाहेर पडला. तिसरीतली पोर पाच दिवस तापानं फणफणलेली. बायको आधीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजची रात्र निभावली तर पोरगी वाचली. झोपू देऊ नका, बोलती ठेवा." शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ही गेली तर मी मशीन कुणासाठी चालवू, एवढंच त्याच्या डोक्यात.

परत येऊन त्यानं औषध पाजलं. आता रात्रभर बोलायचं तरी काय? उशाशी गृहपाठाची वही पडली होती. पोर वजाबाकीत नेहमी अडायची. त्यानं वही उघडली. चाळीस वजा सात.

"एककाच्या घरात काय आहे, बाळा?"

"शून्य."

"शून्यातून सात जातात?"

"नाही जात... बाबा, माझ्याकडे काहीच उरलं नाही."

"मग शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा. विसरलीस ना?" शंभरदा घोकून घेतलेली पायरी होती ती.

"न विचारता?"

"अगं वेडाबाई, गणितात कोण विचारत बसतंय!"

"कुठला घेऊ?"

शिंपी हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा. "घे कुठलाही."

पोरीनं डोळे उघडले. भिंतीकडे बघितलं. पलीकडे गवंड्याचं घर. नवरा, बायको, दोन मुलं.

"धाकटा घेऊ?"

शिंप्याला नाही म्हणायचं होतं. पण हात तिच्या कपाळावर होता. कपाळ नुसतं भाजत होतं.

तो काही बोलला नाही.

पोर वाट बघत होती...

तरी तो बोलला नाही.

"घेतला," ती म्हणाली.

हाताखालचं कपाळ थंड झालं. एका क्षणात. त्याला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, भूक लागली."

आणि पलीकडून गवंड्याच्या बायकोनं हंबरडा फोडला.

धाकट्याला साधी सर्दीही नव्हती. संध्याकाळी अंगणात हुंदडत होता.

उजाडता उजाडता शिंपी त्यांच्या दारात गेला. कुठल्या तोंडानं गेला, त्याचं त्याला माहीत. साथीमुळे आरोग्य खात्याच्या बाईंनी प्रत्येक दारावर खडूनं घरातल्या माणसांचा आकडा लिहिला होता. गवंड्याच्या दारावर चार. त्या चारावर तिरकी रेघ होती. वर बारीक अक्षरात तीन.

रात्रीनंतर बाई तर अजून फिरकल्याही नव्हत्या.

कुणी बघायच्या आत त्यानं बाही ओली केली. घासलं... पुन्हा घासलं...

चार पुसला गेला. तीन नाही गेला.