गंजीतला चोर

विजयमालेच्या भूगोलाच्या पुस्तकात अंजनाचं पत्र पावसाळाभर पडून होतं. पुस्तक उघडलं की तेवढं पान ती घाईघाईने उलटायची. पत्रात एकच प्रश्न होता. उत्तर तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर ते लिहवत नव्हतं.

गेल्या, म्हणजे चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत ती सांगलीहून मेढ्याजवळ मामाकडे गेली होती. हंबीररावमामा पलटणीतून रजेवर आलेले. रजा संपत आली, म्हणून त्यांनी डोंगरातलं गवत नीट वाळायच्या आतच गोठ्याशेजारी रचून टाकलं. बैलांची, चंद्री गाईची उन्हाळ्यापर्यंतची सगळी वैरण त्या एका गंजीत!

एका सकाळी मामेबहीण अंजना ओरडली, "माले, गंजीतनं धूर निगतोय बघ!"

"आत कुणीतरी बिडी वडतंय!" तिचा धाकटा भाऊ आकाराम म्हणाला.

"चोर!" विजयमालेचे डोळे चमकले. "कुणाला सांगायचं नाही हं! आपणच पकडायचा!"

वडिलांपासून लपवायचं म्हटल्यावर अंजना घुटमळली. "आबांना सांगूया की गं. वैरण गेली तर चंद्रीला इकावं लागंल."

"भित्री भागूबाई!"

मग काय! गोठ्याआड दबा धरणं झालं, गंजीभोवती राख पसरून झाली. राखेत पाय उमटले ते फक्त कुत्र्याचे! दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी विजयमालेने गवतात हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"अगं बाई! केवढं गरम!"

अंजनानेही हात घालून पाहिला. "उकिरड्यागत तापलीय ही! गवतात ओल ऱ्हायलीय, माले. चोरबीर कुणी न्हाई!"

तिघं धावत सुटली. मामा दाढी करत होते.

"धुकं हाय ते!" ते हसले. "फौजेतल्या माणसाला शिकवताय व्हय रं?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी गंजीत लोखंडी पहार खुपसली, बराच वेळ तशीच ठेवली आणि फडक्याने धरून बाहेर ओढली.

"आबा, एवढी धरा की! लय जड हाय!" आकाराम विव्हळला.

मामांनी पहार धरली मात्र, "आई गं!" म्हणून उडालेच! मुलं खिदळली. मामा मात्र हसले नाहीत.

"पाणी आणा रं!"

शेजारीपाजारी घागरी घेऊन धावले. गंजी उसकटली. आतलं गवत काळंठिक्कर पडलं होतं. वारा लागताच भडकू पाहत होतं. गोठा वाचला, घर वाचलं, पण निम्मी वैरण उकिरड्यावर गेली.

"पोरं नसती तर आज घराची राख झाली असती!" म्हातारे हरिबा म्हणाले. मामांनी तिघांना खाडकन सॅल्यूट ठोकला. तो सॅल्यूट विजयमालेने सांगलीला वर्गात कितीदा तरी करून दाखवला होता!

आणि मग उन्हाळ्यात अंजनाचं पत्र आलं.

"वैरण सरली. चंद्रीला बाजारात नेलं. दावं सोडताना ती माझ्याकडंच बघत होती. माले, पहिल्याच दिवशी आबांना सांगितलं असतं, तर ती राहिली असती का गं?"

आता पुन्हा दिवाळी तोंडावर आली होती. विजयमालेने कोरं आंतरदेशीय पत्र पुढे ओढलं.

"होय अंजना, राहिली असती. तू म्हणत होतीस, मीच ऐकलं नाही. मी सुट्टीत येतेय. या वर्षी गवत खडखडीत वाळेपर्यंत आपण दोघी ते उलथत राहू. मामांची रजा संपली तरी!"

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत तिने पत्र टाकलं. हात मात्र थोडा वेळ पेटीवरच राहिला.