सोयरिकीआधीचं चित्रण

सांगलीत हल्ली लग्नाआधी पत्रिका कुणी बघत नाही. हाडांतली मज्जा बघतात. दंडात थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचायचं. ते मज्जेतल्या बिघडलेल्या पेशींना जाऊन चिकटतं आणि पडद्यावर तेवढ्याच जागा उजळतात. कर्करोगाची चाहूल वेळेत लागावी म्हणून काढलेली ही युक्ती. लोकांनी तिचं काय केलं, तर बाजारात वांगी दाबून बघावीत तशा सुना बघायला घेतल्या.

डॉ. हेमलता चिटगुपे रोज ही चित्रणं करत आणि रोज या लोकांवर मनातल्या मनात थुंकत. आज समोर वैजयंताबाई शिरोळे बसल्या होत्या, एक हात कमरेवर दाबून. मागे त्यांची होणारी सून केतकी, मान खाली घालून उभी.

"नीट बघा हं डॉक्टर. मागनं फसवणूक नको."

"आणि मुलाचं चित्रण?"

"त्याचं कशाला? आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"कंबर कधीपासून दुखतेय तुमची?"

"वर्ष झालं. वयच झालंय की."

"मग आधी तुम्हीच झोपा यंत्रात. घराणं कसं असतं ते तरी दिसेल." खोटं कशाला बोला, हे टोचून बोलताना हेमलताबाईंना बरं वाटलं.

"झोपते की. मी काय भिते?"

तासाभराने पडदा उजळला. मणका, बरगड्या, खुबा. हेमलताबाईंनी एकेक उजळलेला ठिपका पुन्हा तपासला. तरीही बाईंविषयीचा तिटकारा काही जाईना, याची त्यांना लाज वाटली.

केतकीला बाहेर बसवून त्यांनी स्पष्ट सांगितलं. "हा मज्जेचा कर्करोग वाटतो. नमुना काढून खात्री करू. उपचार आहेत, पण आता उशीर नको."

वैजयंताबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "लग्न होईस्तोवर कुणाला सांगू नका. सोयरीक मोडंल."

"तुमच्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही. पण हेच त्या पोरीच्या हाडांत दिसलं असतं तर?"

"इथनंच माघारी पाठवली असती," त्या सरळ म्हणाल्या.

दाराच्या काचेतून केतकी दिसत होती. बाईंच्या चपला तिने उचलून बाकाखाली नीट ठेवल्या होत्या.

"उपचाराला जवळ कुणी लागंल?"

"लागेल."

"मुलगा तिकडं परदेशात. हिलाच आत बोलवावं म्हणते." वैजयंताबाई उठल्या आणि दाराशीच थांबल्या. "पण डॉक्टर, तिनं माझ्यासारखंच केलं तर?"