काळ्या बोटांची पुस्तकं

"पान त्र्याहत्तरवरचा हा अंगठा कोणाचा?"

काजूच्या कारखान्यात येऊन असा प्रश्न कोणी विचारतं का हो? पण तो विचारत होता. दारात उभा, उंच, डोक्यापासून पायापर्यंत चिंब... आणि हातात चांगली उघडी छत्री! कारण छत्री त्याने स्वतःवर नाही, पुस्तकावर धरली होती. मला तिथेच हसू फुटलं.

आम्ही अकरा जणी बी फोडत बसलो होतो. प्रश्न ऐकून सगळ्यांनी एकदम हात वर केले. बावीस हात, आणि सगळेच काळे. काजूची बी फोडली की टरफलातलं तेल बोटांना लागतं. मग राख चोळा नाहीतर खोबरेल लावा, डाग काही हटत नाही.

"घ्या हुडकून," मी म्हटलं.

तो जरा गोंधळला. "मी कौस्तुभ. वाचनालयाचा नवीन ग्रंथपाल. सोमवारीच आलोय. हे पुस्तक काल परत आलं... संचिता नावाच्या सभासदाकडून."

"संचिता मीच. आणि परत आलं नाही, बाबलीच्या रिक्षात विसरलं होतं. तो शहाणा तुमच्याकडे देऊन गेला. आणा इकडे, अजून बावीस पानं राहिलीत."

"देता येणार नाही. पुस्तक खराब केलं तर सभासदत्व रद्द, असा कमिटीचा नियम आहे."

माझा हात तसाच पुढे राहिला. बारावी करून मी या कारखान्यात आले, त्याला चार वर्षं झाली. पहिल्या महिन्यात वाटायचं, आता आयुष्यभर हे एवढंच, बी आणि टरफल! मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचायला लागले आणि बाकीच्या दहा जणी डबे घेऊन जवळ सरकल्या. तेव्हापासून रोज अर्धा तास. आधीचे ग्रंथपाल दुपारचे डुलक्या काढायचे, म्हणून कपाटातून हाताला लागेल ते मी उचलायचे. कादंबरी, मधमाश्या, सातबारा कसा वाचावा, बर्फातला प्रवास... काहीच सोडलं नाही. ते सभासदत्व गेलं तर आमच्याकडे उरणार काय होतं?

आमच्यातली सगळ्यात म्हातारी हौसाबाई पुढे झाली. "बाबा, त्या गोष्टीतल्या टपालवाल्याच्या खिशात त्येच्याच नावाचा पत्र आसा आणि तो ता फोडूक भियता. पुढे काय झाला तेवढा आयकांदे. मगे काय ता रद्द कर."

कौस्तुभने पुस्तकाकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. मग छत्री मिटली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसला. "माझे हात स्वच्छ आहेत," तो हळूच म्हणाला. "मी पानं उलटतो, तुम्ही वाचा."

मी वाचलं. हौसाबाई तिच्या सवयीने प्रत्येक वाक्य संपलं की "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात ना, एकाने मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, ते आमच्या रक्तातच आहे. सूर लागला की तोंडातून आपसूक निघतं. टपालवाल्याने शेवटी पत्र फोडलं, तेव्हा हौसाबाई व्हय म्हाराजा म्हणायलाही विसरली. कौस्तुभने बाहीने डोळे पुसले.

"पाऊस," तो म्हणाला.

"छपराखाली?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो हजर! नवं पुस्तक घेऊन.

"आज कोणाचा अंगठा शोधताय?"

"आज कोणाचाच नाही. घरी नेलेल्या पुस्तकाला डाग पडतो. माझ्या हातात असेल तर पडणार नाही. नियम पण पाळला, आणि..."

"आणि?"

"आणि पुढे काय झालं ते मलाही कळेल."

मग रोजच. एकदा मी विचारलं, "तुम्ही ग्रंथपाल ना? तुम्ही काय काय वाचलंय?"

त्याने मान खाली घातली. "स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. बाकी... काही नाही."

"अरे कर्मा! म्हणजे हलवायाला साखर माहीत नाही?"

सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या. तोही हसला, कान मात्र लाल झाले. तेव्हापासून मला वाचताना उगीचच त्याच्या कानांकडे बघायची खोड लागली.

सुरुवातीला तो पान उलटायला कधी घाई करायचा, कधी ऐकत बसायचा आणि विसरूनच जायचा. "पान!" म्हणून मी ओरडायचे. पण पंधरा दिवसांनी मला सांगावं लागेना. माझा श्वास कुठे संपतो ते त्याला कळायला लागलं होतं... माझी ओळ संपायची आणि त्याचं बोट उठायचं. एखाद्या माणसाने आपला श्वास इतका नीट ऐकावा?

एका दुपारी सगळ्या हात धुवायला गेल्या, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्यातल्या किशोरीताईंनी काल मला सांगितलं. तुम्ही सातबाऱ्याचं पुस्तक वाचलंत, म्हणून त्या तलाठ्याकडे गेल्या आणि जमिनीवर आपलं नाव लावून घेतलं. आणि हौसाबाई आता मधमाश्यांचं पोळं जाळत नाहीत."

"हो तर. उलट त्यांना साखरपाणी ठेवते."

"मी इतकी पुस्तकं पाठ केली संचिता... पण त्यातलं एकही कोणाच्या घरी पोचवलं नाही. तुझ्यामुळे माका पुस्तक म्हणजे काय ता कळला."

तुझ्यामुळे! माका! आमच्याच बाजूचा, वैभववाडीचा हा मुलगा इतके दिवस माझ्याशी ऑफिसातली मराठी बोलत होता. त्या दिवशी माझ्या हातून बऱ्याच बिया वाकड्या फुटल्या.

आणि मग वाचनालयाचा वर्धापनदिन आला. त्याच्या आधी पुस्तकांची तपासणी झाली आणि काळे डाग पडलेली सतरा पुस्तकं निघाली. सगळी माझ्या नावावरची, कौस्तुभ येण्याआधीची. कमिटीचे अध्यक्ष भाई फार कडक. वर्धापनदिनालाच सगळ्यांसमोर निकाल लावतो म्हणाले. बाबलीने येऊन सांगितलं, की कौस्तुभने भाईंना, 'जबाबदारी माझी, माका काढा,' असं सांगून टाकलंय.

मी तशीच तडक वाचनालयात गेले. "तुका कोणी सांगितला माझ्यासाठी नोकरी घालवूक?"

"तुझा सभासदत्व तरी रवात."

"आणि पानां कोण उलटतलो? हौसाबाय?"

तो बघतच राहिला. मी काय बोलून गेले ते माझ्या लक्षात आलं आणि मी चपला हातात घेऊन अक्षरशः पळाले.

वर्धापनदिनाला आम्ही अकराही जणी गेलो, पातळं नेसून, काळे हात पदरात लपवून. टेबलावर ती सतरा पुस्तकं मांडलेली होती. भाई एकेक उघडून बघत होते, कपाळाला आठ्या. मी उभी राहिले.

"भाई, डाग माझे. कौस्तुभचो काय एक संबंध नाय. मी पुस्तकां खराब केलंय ता खरा. पण वाचली नसती तर मी त्या शेडीत वेडी झालंय असतंय. माझा नाव काढा... पण ह्या दहा जणींका वाचून दाखवूक कोणतरी ठेवा."

"चांगला ठेवलेला पुस्तक कसा आसता ता बघ," भाई म्हणाले. ते उठून कपाटापाशी गेले आणि माझी सतरा जिथून काढली होती त्याच फळीवरची, कोणीच न नेलेली पुस्तकं त्यांनी काढली. पहिलं उघडलं तर पानं दमटाने चिकटलेली. दुसऱ्याला बुरशी. तिसरं हातात घेतलं आणि आतून मातीच पडली. वाळवी! सगळे पुढे झाले. भाईंनी परत माझी सतरा पुस्तकं चाळली. सगळी धडधाकट.

"आमच्या घराच्या वाश्यांक वाळवी लागा नये म्हणान माझो बापूस ह्याच काजीचा तेल लावी," भाई सावकाश म्हणाले. "आणि हयसर मी त्याच तेलासाठी ह्या चेडवाक शिक्षा देऊक बसलंय." त्यांनी चष्मा काढला. "एकाचाही नाव काढूचा नाय. कौस्तुभ, उद्यापासून दुपारी एक ते दोन वाचनालय कारखान्यात. चल, नारळ ठेव आणि आज गाऱ्हाणा तू घाल."

कौस्तुभ पुढे झाला. नारळ ठेवला, हात जोडले, घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी तुझ्या पायाकडे जो ह्यो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं वाचनालय दणाणलं.

"ज्या बोटांनी ही पुस्तकां राखली, त्या बोटांचे उपकार आमका कधी विसराक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझे डोळे भरून आले होते. कोणकोणाचे उपकार मानू, असं झालं होतं मला. रिक्षात पुस्तक विसरले त्या विसरण्याचे सुद्धा.

"एका वाचणाऱ्याचे एकवीस कर, पाचांचे पंचवीस कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही जी संचिता आसा, ती वाचताना पानां उलटूचा काम जन्मभर ह्याच लेकराक मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

काय मागितलं ते माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा बाबली तोंडावर हात ठेवून हसत होता, किशोरी मला चिमटे काढत होती आणि हौसाबाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. भाई छताकडे बघत होते.

कौस्तुभ माझ्यासमोर आला. कान लाल, नेहमीसारखेच. "संचिता... तू ता सवयीन म्हटलंस, की..."

"सवयीन," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. टेबलावर टपालवाल्याचं पुस्तक होतं. मी ते उघडलं, पान त्र्याहत्तर काढलं आणि त्या काळ्या ठशावर माझा अंगठा ठेवला. बरोब्बर बसला.

"ह्यो माझोच. तो पत्र फोडूक भियता ना, तेव्हा मी हयसर थांबलंय आणि खूप रडलंय. आता परत विचार. हळू... फक्त माका आयकाक येयत असा."

तो वाकला. त्याचं स्वच्छ बोट माझ्या काळ्या अंगठ्याशेजारी, पानाच्या कोपऱ्यावर आलं.

"उलटू पान?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. या वेळी सवयीने नाही.