मौनक

डॉ. बोरवणकरांच्या प्रयोगशाळेत एकच कायदा होता. वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती जंतू वाढवलेल्या काचेच्या थाळीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू मेल्याचं मोकळं कडं दिसलं तर अर्क ठेवायचा, नाहीतर फेकायचा. आंबोलीच्या जंगलातल्या दगडफुलाचा अर्क असाच फेकला जाणार होता. पण त्यांची सहकारी शर्वाणी केळुसकर जरा जास्तच चौकस. थाळीत रक्त मिसळलेलं होतं, आणि हे जंतू विष सोडून रक्त विरघळवतात. इथे चकतीला खेटून जंतू माजले होते, तरी रक्त जसंच्या तसं लाल!

थाळीचा फोटो घेऊन ती तडक इस्पितळात गेली. हेच जंतू खुद्द बोरवणकर सरांच्या पावलात शिरले होते. एकही औषध लागू पडत नव्हतं आणि डॉक्टर पाय कापायचं म्हणत होते. सरांना मात्र दोन्ही पायांवर चालत नातीच्या बारशाला जायचं होतं.

"मेले नाहीत ना? मग काय उपयोग?" सर कुरकुरले.

"सर, जंतू एकेकटे विष सोडत नाहीत. एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात, आणि पुरेसे जमले की मगच हल्ला करतात. गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव नाही. या अर्कातलं द्रव्य तो निरोपच पोहोचू देत नाही."

"म्हणजे सभा भरलेली, पण सगळे ठार बहिरे! आमच्या सोसायटीत कायम हेच चालतं. द्या मला."

द्रव्याचं नाव तिने 'मौनक' ठेवलं. खास परवानगी मिळाली, औषध सुरू झालं आणि ताप उतरला, जखम भरली. शर्वाणीला नाचावंसं वाटलं. रक्तातलं विष रोज तपासलं जात होतं. जंतू मोजायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. विष नाही म्हणजे जंतू नाहीत, ही सगळ्यांची जुनी सवय.

घरी सोडण्याआधी, निव्वळ कुतूहल म्हणून, तिने सरांचा तळहात एका थाळीवर टेकवून घेतला. दुसऱ्या दिवशी थाळी जंतूंनी भरून गेली होती.

"विषच नाही, तर शत्रू आलाय हे शरीराला कळणार कसं?" ती पडेल आवाजात म्हणाली. "ठाणं पायाच्या हाडात आहे. तिथून ते सगळीकडे पसरलेत. मौनक चालू आहे तोवर तुम्हाला धोका नाही. पण तुम्ही हात लावाल ते बाळ मौनक घेत नाही."

"तिलाही दिलं तर?"

"तान्ह्या बाळाला? आणि पुढे तिच्या शाळेतल्या सगळ्या मुलांना?"

सरांनी पांघरूण सारून बरा झालेला पाय पाहिला. मग त्यांनी विचारलं, "पाय कापून मग मौनक थांबवलं तर?"

"ठाणं जाईल. उरलेले थोडके जंतू कुठे जमून पुन्हा बोलायला आणि विष सोडायला लागले, की शरीर त्यांना ओळखेल आणि मारेल." तिचे डोळे भरून आले. "पण सर, पाय तर आता बरा झालाय!"

"कुठून कापतील?"

"गुडघ्याच्या खाली."

"मग बोलवा डॉक्टरांना," सर म्हणाले. "बाळाला घ्यायला मांडी लागते, ती गुडघ्याच्या वरच असते."