चार की आठ

बसने वळण जरा जोरातच घेतलं आणि सगळ्यांत वरचा खोका घसरला.

खाली बसलेल्या मुलीच्या मांडीवर आधी पिठीसाखर भुरभुरली, मग अक्रोडाच्या कुकीज आल्या, मग जर्दाळू भरलेल्या... आणि शेवटी तो पुठ्ठ्याचा खोका, पालथा.

"हलू नका," खोकेवाला घाईघाईने म्हणाला. "अजिबात हलू नका हं."

"का?"

"तुमच्या मांडीवरच्या वाचल्यात. खाली पडल्या त्या गेल्या."

ब्रिटा टॉलेफसन हलली नाही. मुलाखतींसाठी म्हणून घेतलेला तिचा एकुलता एक काळा सूट पांढरा झाला होता. बाहेर पिट्सबर्गच्या चढउतारांवर एप्रिलचा पाऊस तिरका लागला होता, आणि समोर हा उंच, ओलाचिंब मुलगा. उरलेले दोन खोके हनुवटीखाली धरून तो एका हाताने तिच्या मांडीवरच्या कुकीज उचलत होता. एकेक, अगदी अलगद. तिच्याकडे न बघता. कान मात्र लाल झालेले.

"लग्न आहे," तो म्हणाला. "मामेबहिणीचं. आमच्याकडे केक नुसता नावाला असतो. खरी इज्जत कुकीजच्या टेबलावर. आणि या... या ल्युबा मावशीच्या आहेत."

"ती रागावेल?"

"रागावली तर बरं. ती रडते."

ब्रिटाला हसू आलं. तिने स्वतःच खोका सरळ केला, तळाशी आपला रुमाल अंथरला आणि दोघं मिळून कुकीज रचू लागली. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या कोटावरच्या बिल्ल्याकडे गेलं. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली मेडिकल कॉलेजचं.

"अरे, तुम्ही आमच्याकडच्याच पाहुण्या. मी एमिल हुडाक, शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही चार वर्षांवाल्या की आठ वर्षांवाल्या?"

हा प्रश्न तिला गेल्या महिनाभरात सगळ्यांनी विचारला होता. चार वर्षांत नुसतं डॉक्टर व्हायचं, की आठ वर्षांत डॉक्टर आणि संशोधक दोन्ही... दोन वर्षं डॉक्टरकीची, मधली चार प्रयोगशाळेची, आणि मग पुन्हा दोन वर्षं वॉर्डात. चार वर्षांची जागा तिला ती राहायची त्या आयोवा सिटीतच मिळाली होती, आठ वर्षांची इथे पिट्सबर्गात. एप्रिल संपायच्या आत एक सोडायची होती.

"तेच ठरवायला आलेय," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी आठची सुरुवात केली होती. प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली आणि बाहेर पडलो. आता लहान मुलांचा डॉक्टर होणार."

"अरेरे."

"अरेरे काय? मजेत आहे मी." तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून हसला. "आणि हे 'तुम्ही' पुरे झालं आता. आमच्या मावशीच्या कुकीज तुझ्या मांडीवर आहेत. तू चल माझ्याबरोबर. साक्षीला. बसने हिसका दिला, माझी चूक नव्हती, एवढंच सांग."

"आणि मला काय मिळेल?"

"जेवण. शिवाय... नाचता येतं?"

"नाही."

"मग तेही मिळेल."

चर्चच्या तळघरातला हॉल माणसांनी फुलला होता. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा वास, अकॉर्डियनचे सूर, टेबलांमधून पळणारी मुलं. ल्युबा मावशी रडली नाही. तिने ब्रिटाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सूटवरची साखर झटकली आणि एमिलला म्हणाली, "कुकीज सांडल्यास ते सांडल्यास, पण जागा बघून सांडल्यास."

"मावशी, ती पाहुणी आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय? बस गं पोरी. भूक लागलीय ना? कुठची तू?"

"आयोवाची. आयोवा सिटीत एका प्रयोगशाळेत काम करते."

मावशीचा हात थांबला. मग तिने एमिलकडे बघितलं. एमिल छताकडे बघू लागला.

"सांगितलं नाहीस तिला?"

"भेटून दोन तास झालेत, मावशी."

"हा आयोवा सिटीलाच चाललाय," मावशी म्हणाली. "जूनमध्ये. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलात, तीन वर्षांसाठी. मार्चमध्येच लागलं त्याचं. मी आठवडाभर जेवले नाही."

"दोन दिवस," एमिल म्हणाला.

ब्रिटाने काटा खाली ठेवला. म्हणजे तिने चार वर्षं निवडली तर दोघं एका गावात. आणि आठ निवडली तर ती इथे यायची आणि हा तिथे जायचा... वाटेत कुठेतरी गाड्या एकमेकींना ओलांडून जायच्या. एवढा विचार मनात आला आणि मग ती स्वतःवरच ओशाळली. दोन तासांच्या ओळखीवर?

"असं तोंड करू नकोस," एमिल हळूच म्हणाला. "चल, नाचू. पाय माझे आहेत, हवे तेवढे तुडव."

तिने खरंच तुडवले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवण्याचा कार्यक्रम होता. एमिल सकाळीच दारात उभा. म्हणाला, त्यांना पुढे जाऊ दे, तुला मी माझी जुनी जागा दाखवतो. ती जागा म्हणजे माशांची खोली होती. उबदार, दमट, भिंतभर काचेच्या टाक्या आणि त्यांत बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रामासे.

"इथे मी दोन वर्षं काढली," तो म्हणाला. "वाईट नव्हती. पण खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात मुलं रडली की मला ऐकू यायची, आणि मला वाटायचं, मी वर काय करतोय? तुला खरं सांगू? मधली चार वर्षं अवघड असतात. बरोबरचे डॉक्टर होऊन पुढे जातात. तू परत वॉर्डात येतेस तेव्हा स्टेथोस्कोप कुठून धरायचा तेही आठवत नाही. प्रयोग चार-चार महिने फसतात. हे तुला त्या पुढच्या खोलीत कोणी सांगणार नाही."

"आणि चांगलं काय असतं?"

"ते मला विचारू नकोस. ते मला दिसलंच नाही. ये, इथे बघ."

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेसारखं पारदर्शक पिल्लू, पापणीच्या केसाएवढं. आणि त्याच्या आत... धडधडणारं हृदय. रक्ताचे कण एकामागोमाग एक पळताना दिसत होते.

"या माशाच्या हृदयाचा तुकडा काढला ना," एमिल मागून म्हणाला, "तर तो परत उगवतो. जसाच्या तसा."

"माहितीय. वाचलंय." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्या हॉस्पिटलात एक बाई येतात, शाळेची बस चालवायच्या. हृदयाचा झटका येऊन गेला. मी तिथे दर गुरुवारी मदतीला असते. त्या म्हणाल्या, हाताची जखम भरते, मग याची का नाही भरत? मी त्यांना म्हटलं, नाही भरत. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सगळे बरोबरच सांगत होते, पण... मला घरी जाऊन जेवणच गेलं नाही."

ती पुन्हा काचेत बघू लागली. किती वेळ, तिलाच कळलं नाही. मान वर केली तेव्हा एमिल टाकीला टेकून तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं आणि आणखीही काहीतरी, जे त्याने चटकन पुसून टाकलं.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही. चल, पाहुण्यांचं जेवण संपेल."

ती आयोवाला परतली. रोज फोन होऊ लागले. तो वॉर्डातल्या गमती सांगायचा, ती तिच्या पेशी कशा रुसल्यात ते सांगायची. एकमेकांच्या खाण्याला नावं ठेवायची. सगळं बोलायची, एक सोडून.

"तुला काय वाटतं, मी काय करावं?"

"पाऊस आहे का तिकडे?"

"एमिल."

"नाही सांगणार."

"मग दुसरं सांग. मी तुला आवडते का?"

"तेही एप्रिल संपल्यावर."

"हे काय सरकारी काम आहे का?"

"तू ठरव आधी, ब्रिटा. मग मी तुला जे हवं ते सांगेन. दोनदा सांगेन."

तिने फोन ठेवला आणि उशीला एक गुद्दा दिला. राग त्याचा नव्हताच. तो म्हणाला असता 'राहा', तर ती राहिली असती. 'जा' म्हणाला असता, तर गेली असती. इतकं सोपं झालं असतं. त्याने ते सगळं परत तिच्याच ओंजळीत टाकलं होतं.

रविवारी ती गावी गेली. तिचे बाबा गुरांचे डॉक्टर. ते शेजारच्या गोठ्यात एका अडलेल्या गाईपाशी होते, बाह्या वर खोचलेल्या. ब्रिटा दोर धरून उभी राहिली. वासरू सुखरूप बाहेर आलं, गाय त्याला चाटू लागली, तेव्हा कुठे बाबांनी हात धुतले.

"बोल आता. महिनाभर तू तोंड मिटून बसलीयस."

तिने सांगितलं. शाळेच्या बसवाल्या बाईंचं, माशाच्या हृदयाचं. आणि मग, दोराशी चाळा करत, एमिलचंही.

"हा मुलगा नसता तर काय केलं असतंस?"

"आठ."

"लगेच सांगितलंस."

"पण तो आहे ना, बाबा. नसता म्हणून कसं ठरवू?"

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "नको ठरवूस. असताना ठरव. आठ वर्षं तुझ्यावर चिडून राहणारा आहे का तो?"

ब्रिटाने विचार केला. "नाही. तो कुकीज एकेक उचलणारा आहे."

"म्हणजे काय, ते मला नाही कळलं," बाबा म्हणाले. "पण तुला कळलेलं दिसतंय."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एमिल खोली शोधायला आयोवा सिटीत आला. ब्रिटा गाडी घेऊन विमानतळावर उभी होती. तीन आठवड्यांनी दिसला तो. केस कापलेले, खांद्यावर एकच पिशवी. दोघांनी हात पुढे केले, मग मिठी मारायचं ठरलं, मग नाकावर नाक आपटलं.

दुपारपर्यंत त्यांनी खोल्या पाहिल्या. एका घराला खिडकी नव्हती, एका घरात मालकाचा पोपट शिव्या देत होता. ब्रिटा प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून बघायची. एमिल दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहायचा.

नदीकाठच्या बाकावर सँडविचचा कागद उघडता उघडता ती म्हणाली, "सकाळी कळवलं मी त्यांना."

त्याचे हात थांबले.

"पिट्सबर्गला हो म्हटलं. आठ वर्षं." ती भरभर बोलू लागली, जणू थांबली तर उरलेलं सांगताच येणार नाही. "ऑगस्टात जायचंय. इथे राहिले असते तर चांगली डॉक्टर झाले असते, खात्री आहे मला. पण त्या बाईंना मी आयुष्यभर 'नाही भरत' असंच सांगत राहिले असते. आणि तू... तू इथे असशील, आणि मी... एमिल, बोल ना काहीतरी."

एमिल हसत होता. डोळे मात्र ओले झाले होते, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"मला माहीत होतं. माशांच्या खोलीतच कळलं. मी दोन वर्षं त्या काचेत बघितलं, ब्रिटा, पण तुझ्यासारखं एकदाही नाही बघितलं. तुझी मान वर होईपर्यंत मी तिथे उभा होतो आणि मनात म्हणत होतो, गेली ही. मी इकडे येतोय आणि ही तिकडे चालली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पहिला प्रयोग फसल्यावर तू मलाच शिव्या दिल्या असत्यास."

"त्या तर मी अजूनही देणार."

"दे. फोन करून दे." त्याने सँडविच बाजूला ठेवलं. "आवडतेस. मला तू फार आवडतेस. दोनदा सांगेन म्हटलं होतं, म्हणून... फार आवडतेस."

नदीवर वारा सुटला होता. तिने त्याच्या कोटाची कॉलर उगाचच सरळ केली.

"माझी तीन वर्षं संपतील तेव्हा तू प्रयोगशाळेत गुंतलेली असशील," तो म्हणाला. "मुलं काय, पिट्सबर्गातही आजारी पडतात. तोवर विमानं आहेत, सुट्ट्या आहेत. सोपं नसणार."

"नसू दे," ती म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटलं. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला होता. "आता एक शेवटची खोली बघू. चल."

"कुठली?"

"माझी. ऑगस्टात रिकामी होणार ना ती."

तिच्या घरमालकीण वाव्राबाई अंगणात ट्युलिपना पाणी घालत होत्या. ब्रिटाने सगळं सांगितलं. आपण जाणार, हा डॉक्टर येणार, माणूस चांगला आहे, पोपट नाही. वाव्राबाईंनी एमिलला खोलीभर फिरवलं, कपाटं उघडून दाखवली, गरम पाण्याचा नळ कसा हळू सोडायचा ते शिकवलं. मग कंबरेवर हात ठेवून दोघांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही गावात येणार जूनमध्ये," त्या एमिलला म्हणाल्या, "आणि ही जाणार ऑगस्टात. मधले दोन महिने खोली एक आणि माणसं दोन. मग खोली तुमच्या नावावर कधीपासून करू? जूनपासून की ऑगस्टपासून?"

एमिलने ब्रिटाकडे बघितलं. याही वेळी तो काहीच सुचवणार नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"जूनपासून," ब्रिटा म्हणाली.

वाव्राबाई खाली मान घालून हसल्या आणि पाण्याची झारी घेऊन पुन्हा अंगणात गेल्या. जाताना त्यांनी दार आपणहून ओढून घेतलं.