केदारनाथचं भाडं

"एकाहत्तर... बाहत्तर... त्र्याहत्तर..."

"भाडं द्या."

तांब्याच्या तारेवरचा हात थांबला. केदारनाथनं मान वर केली आणि तिथंच सगळं चुकलं. दारात, उन्हातून चालत आलेली एक पोरगी उभी होती. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, ओढणीच्या टोकानं वारा घेत होती, आणि डोळ्यांत असा काही राग की बघणाऱ्याला हसूच यावं.

"बाहत्तर झाले का त्र्याहत्तर?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग आता सगळी तार उकलायची. बोअरची मोटार हाय, वेढे चुकले की जळती. ह्या नुकसानीचं भाडं कोण देणार?"

"मोजता येत न्हाई तर दुकान कावून टाकलं?"

"येतंय की. पण असं कुणी समोर उभं राहिलं तर..."

"तर?"

"तर — चहा सांगतो," असं म्हणून तो उठला, आणि गडबडीत तारेचं अख्खं रीळ खाली पाडून बसला.

ती रुद्राणी. केजच्या बसस्टँडसमोरची ती गाळ्यांची रांग तिच्या वडिलांची, ईश्वरप्पांची. महिन्याचं भाडं आप्पा स्वतः फिरून गोळा करायचे. पण त्या वर्षी तिच्या आईला, महानंदाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि आप्पांचा पाय घरातून निघेना. म्हणून रुद्राणी निघाली. केदारनाथ दिंद्रुडचा, विधवा आईचा एकुलता एक, नुकतंच जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान टाकलेला. आप्पांच्याच समाजातला. म्हणजे बघा, या गोष्टीत आडवी यायला जात नव्हती, की घरचा विरोध नव्हता. तरी गोष्ट आडवी गेलीच. त्याचंच तर दुःख आहे.

पुढच्या महिन्यात सगळ्यांचं भाडं आलं, केदारनाथचं आलं नाही. रुद्राणी गेली.

"पैसे न्हाईत का?"

"हायेत."

"मग दिले कावून न्हाई?"

"दिले असते तर तुमी आला असता का?"

ती चहा बशीत ओतून, फुंकर घालत, मुद्दाम सावकाश प्यायली. दुकानात तारेला लावायच्या वॉर्निशचा उग्र वास असायचा. घरी गेल्यावर ओढणीला तो वास यायचा आणि रुद्राणी ती ओढणी लवकर धुवायला टाकायची नाही. असे महिने गेले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती दारात दिसली की तो मोजायचं चुकायचा, आणि चुकला की म्हणायचा, "आलीस? गेली मोटार!"

रुद्राणीची थोरली बहीण दीपमाला स्पेनमध्ये, वॅलेन्सियाला. तिचा नवरा आदल्याच वर्षी अपघातात गेला होता. पदरात दोन लहान लेकरं, नोकरी, आणि घरात बोलायला माणूस नाही. परत ये म्हणावं तर लेकरांची शाळा तिकडची, भाषासुद्धा तिकडचीच. शेवटी आप्पा म्हणाले, लेक येत नाही तर आपणच जाऊ. बीडच्या एका एजंटनं वाट दाखवली. ज्यांना घरबसल्या पैसा येतो, भाड्याचा, व्याजाचा, त्यांना तिकडं राहायचा व्हिसा मिळतो म्हणे. एकच अट, तिथं काडीचंही काम करायचं नाही.

"म्हणजे नुसतं बसून खायचं?" केदारनाथ खदखदून हसला. "आमच्या दिंद्रुडात असल्याला कामचोर म्हणतेत. तिकडं व्हिसा देतेत व्हय?"

रुद्राणीही हसली. पण एजंटनं आणखी एक सांगितलं होतं. भाडं रोखीनं चालायचं नाही. वर्षभर, सगळ्या गाळ्यांचं, बँकेत जमा झालेलं दिसलं पाहिजे. एकही महिना कोरा चालायचा नाही. गाळे आणि ठेवी मिळून आकडा कसाबसा बसत होता.

"मग तू आता दारात येणार न्हाई?" केदारनाथचं हसू मावळलं.

"कशाला येऊ? पैसे तर मोबाईलवर येणार."

आप्पांचं खातं रुद्राणीच्याच मोबाईलवर होतं. महिना लागला आणि टुण्‌ करून भाडं आलं. पैसे पाठवताना खाली दोन शब्द लिहायला जागा असते ना, तिथं त्यानं लिहिलं होतं: 'चहा थंड झाला.' रुद्राणी एकटीच हसत सुटली. आई पलंगावरून बघत होती. संध्याकाळी ही बया चहाला हजर!

कार्तिकी पौर्णिमेला सगळा समाज कपिलधारच्या यात्रेला लोटतो, तसे तेही गेले. धबधब्याचे तुषार अंगावर येत होते. गर्दीत आप्पा पुढं गेले आणि केदारनाथ मागून येऊन शेजारी उभा राहिला.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "गाळ्यात लई दिवस काढले. आता घर पाहिजे."

"भाड्यानं?" तिनं त्याच्याकडं न बघता विचारलं.

"न्हाई... कायमचं."

ओल्या पायरीवर तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. तिनं काढून घेतली नाहीत. तेवढंच उत्तर, आणि त्याला ते पुरलं.

घरी सांगितलं तर आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. "अरे, मग फायलीत जावयाचंबी नाव घालू की! त्याच्या आईचंबी घालू. सगळेच जाऊ!" रेशन कार्डात नाव चढवावं तसं त्यांना वाटलं. बिचाऱ्यांनी पेढे घेऊनच एजंटला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळं सगळ्यांनीच ऐकलं.

"आप्पा, लग्न झालेली मुलगी तुमच्या कुटुंबात धरत नाहीत. बिनलग्नाची आहे तोवर तुमच्याबरोबर. लग्न केलं की तिचं नाव कटलं. जावयाचा तर प्रश्नच नाही."

"कधीपर्यंत असं?"

"पाच वर्षं. मग कायमचा परवाना मिळाला की बघू."

आप्पांनी फोन ठेवला. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच होता. "लेक लग्नानंतर परक्याची," ते म्हणाले, "हे स्पेनवाल्यांना कुणी शिकवलं रे देवा?"

कुणालाच हसू आलं नाही.

घोडं पेंड खात होतं ते इथं. रुद्राणीशिवाय आई जाऊ शकत नव्हती. आईला अंघोळ घालायची रुद्राणीनं, भरवायचं रुद्राणीनं. दुसऱ्या कुणी हात लावला की आई लहान लेकरासारखी रडायची. दीपमाला दिवसभर कामावर, आप्पांच्यानं हे होण्यासारखं नव्हतं. म्हणजे रुद्राणी गेली तरच सगळे जाणार, आणि बिनलग्नाची राहिली तरच रुद्राणी जाणार.

आप्पा स्वतः म्हणाले, "आमी न्हाई जात. तू लग्न कर. दीपा काढंल तिचे दिवस."

कुणी जबरदस्ती केली असती तर रुद्राणीला भांडता तरी आलं असतं. पण त्याच संध्याकाळी दीपमालाचा फोन आला, तोंड दाखवणारा. तिच्या धाकट्या लेकरानं फोनच्या काचेवर ओठ टेकवले. आईनं आपला धड असलेला डावा हात उचलला आणि इकडून काचेवर फिरवत राहिली, फोन बंद झाला तरी फिरवत राहिली. रुद्राणीनं ते पाहिलं आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली. काय करावं हो अशा पोरीनं? इकडं आड, तिकडं विहीर.

तिनं केदारनाथला सांगितलं, मी जाते. त्या महिन्यात त्याचं भाडं आलं नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. एजंट बीडवरून ओरडायला लागला. एक महिना कोरा गेला की वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, आणि आईच्या तब्येतीला तेवढं वर्ष आहे की नाही कुणास ठाऊक. रुद्राणी गेली. तो रिकामाच बसला होता, समोर उघडी मोटार, तार रिळावर तशीच.

"भाडं," ती म्हणाली. पहिल्या दिवसासारखाच शब्द.

"न्हाई भरत."

"केदार..."

"भरलं तर तू जाशील. माझ्याच पैशानं, माझ्याच हातानं तुला घालवू व्हय? लोकं हुंडा देऊन बायको आणतेत, मी भाडं देऊन घालवायची?"

ती स्टुलावर बसली. बाहेर एसटी आली, गेली. तिला मनातून वाटत होतं, नकोच भरू. मेलं ते स्पेन. राहू दे फाईल कोरी, मी इथंच राहते, तुझ्या वॉर्निशच्या वासात.

"एकदा म्हण," तो पुढं झुकून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "नुसतं 'नको भरू' म्हण. सगळा दोष माझ्यावर घेतो. आप्पांच्या शिव्या खातो जन्मभर. तुला कुणी बोल लावणार न्हाई. रुद्रा, म्हण की..."

तिनं तोंड उघडलं. ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. पण डोळ्यांसमोर काचेवर फिरणारा तो डावा हात आला आणि शब्द घशातच राहिला. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. गालावरून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही.

केदारनाथनं तिच्याकडं बघितलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि खाली मान घालून काहीतरी दाबत राहिला. तिच्या पर्समध्ये टुण्‌ वाजलं. भाडं आलं होतं. खाली एकच अक्षर होतं: 'जा.'

"मी थांबतो," तो म्हणाला. "पाच वर्षं काय, बघता बघता जातेत."

"तुझी आई थकलीय. तिला सून पाहिजे, नातू पाहिजे. थांब म्हणायचा मला काय हक्क हाय?"

"मला थांबायचा हाय की."

"मग एक कर," रुद्राणीनं ओढणीनं तोंड पुसलं. "दर महिन्याला असंच काहीतरी लिहीत जा. दोनच शब्द. मी उत्तर देणार न्हाई, उत्तर दिलं तर मला तिथं राहवणार न्हाई. आणि ज्या महिन्यात तुझं लग्न होईल, त्या महिन्यापासून नुसतं 'भाडं' लिही. फोन करू नको, पत्रिका पाठवू नको. मला कळंल."

"तसला महिना येणार न्हाई."

"न्हाई आला तर लईच चांगलं," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण हसता आलं नाही.

गेली बिचारी. वॅलेन्सियाला समुद्र आहे, संत्र्यांची झाडं आहेत, उन्हाळ्यात ऊनसुद्धा केजसारखंच आहे. दीपमालाचं घर पुन्हा हसतं झालं. आईच्या तोंडून अडखळत का होईना, नातवाचं नाव निघायला लागलं. आप्पा बागेत म्हाताऱ्यांशी खाणाखुणांनी बोलायचे. सगळ्यांचं भलं झालं. रुद्राणीला मात्र नोकरी करायची परवानगी नाही, लग्न करायची परवानगी नाही. आईचं आवरून झालं की ती खिडकीत बसायची. बसून खाणाऱ्यांचा व्हिसा तो, बसण्याची एवढी शिक्षा असेल असं कुणाला वाटलं होतं?

तिचा महिना एकाच दिवसासाठी असायचा. टुण्‌.

'आज मोजताना चुकलो.'

'चहा सांगितला. दोन.'

'कपिलधारला जाऊन आलो. एकटा.'

'आई आजारी हाय.'

'आई लई मागं लागलीय.'

हा शेवटचा निरोप वाचून तिनं मोबाईल उशीखाली ठेवला. लिहावंसं वाटलं, थांब ना रे, दोनच वर्षं राहिलीत. लिहिलंही. मग एकेक अक्षर खोडलं.

पुढच्या महिन्यात, ती आईला पेज भरवत असताना मोबाईल वाजला. तिनं डाव्या हातानं बघितला.

'भाडं.'

तिनं पुन्हा बघितलं. कदाचित घाईत असेल, कदाचित चुकून... पण केदारनाथ असलं कधी चुकून लिहीत नव्हता, तिला माहीत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मोबाईल बाजूला ठेवून तिनं पलंगाची कड घट्ट धरली, पण चमचा सांडू दिला नाही.

"कुणाचं आलं गं?" आप्पांनी खुर्चीतून विचारलं.

"केदारनाथचं."

"गुणी पोरगं," आप्पा म्हणाले. "एवढ्या वर्षांत वेळ चुकवली न्हाई. एकदाच काय तो उशीर केला होता, फायलीच्या वेळेला. आठवतं?"

"हो आप्पा," रुद्राणी म्हणाली, "एकदाच." आणि तिनं पुढचा चमचा आईच्या तोंडाशी नेला.

आईनं तोंड उघडलं नाही. ती रुद्राणीच्या डोळ्यांकडं बघत होती. तिनं आपला डावा हात उचलला आणि लेकीच्या गालावरून हळूहळू फिरवत राहिली.