एका दाताचा फरक

प्रितम त्या रात्री घरातून निघाला तो एका ट्रकच्या शाफ्टचे चार बोल्ट खोलून पुन्हा आवळायला. भूतबीत त्याच्या डोक्यातही नव्हतं. मिताली, तो फोन आधी खाली ठेव. आणि कल्पेश, तू सारखा दाराकडे बघू नकोस. अजून कोणी आलेलं नाही.

प्रितम माझ्या चांगल्या ओळखीतला. पळस्प्याला शाफ्ट बॅलन्स करतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी दांडा ट्रकच्या पोटाखाली असतो ना, तो शाफ्ट. तो एका अंगाला जरा जड झाला की अख्खी गाडी थरथरते. मग तो मशीनवर फिरवून जड बाजू शोधायची आणि तिच्या समोरच्या अंगाला लोखंडाचा तुकडा वेल्ड करायचा. या कामात दयाराम उस्ताद होता. नुसता तळवा टेकवायचा आणि म्हणायचा, "हितं जड हाय." मशीनही मागाहून तेच सांगायचं. प्रितम त्याच्या शेजारी अठरा वर्षं राबला. दीड वर्षापूर्वी दयाराम झोपेतच गेला, आणि प्रितमला वाटलं, आता आपली पाळी.

कसली पाळी! ड्रायव्हर यायचे, काम बघायचे आणि म्हणायचे, "बरा हाय, पन दयारामचा काम येगला व्हता." मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय? घरी मिक्सर खडखडला तरी बायको, भावना, म्हणायची, "दयारामभावजी असते तर लगेच सांगितलं असतं." प्रितमचा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्यापाशी येऊन एकदा म्हणाला, "काका, त्यो जिता असता तर भांडलो असतो. मेलेल्याची चूक कशी काढू?"

चूक सापडेना, म्हणून त्यानं ती करायचं ठरवलं. उरणच्या जीवनचा ट्रक नवा जॉइंट बसवायला आला होता. शाफ्ट दयारामनं बॅलन्स केलेला. असा शाफ्ट दोन भागांचा असतो. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत सरकतात. उघडण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीनं खूण करतात, आणि परत बसवताना खुणेला खूण लावायची, हा त्या धंद्यातला धर्म. प्रितमनं एक दात पुढे बसवला. मुद्दाम. गाडी थरथरेल, लोक म्हणतील दयारामचं काम फुसकं निघालं, मग आपण जाऊन ठीक करू. जळक्या माणसाला युक्त्या फार सुचतात रे.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरी लक्ष्मीची पूजा झाली होती, प्रितम पुरणपोळी खाऊन नुकता आडवा झाला होता. अकरा वीसला जीवनचा फोन आला.

"प्रितमदादा, शिरढोणच्या अल्याड थांबलोय. गाडी लय थरथरते. पुढं न्यायला भ्या वाटते."

"दयारामचा काम ना त्यो? मंग दुसरा काय व्हनार! येतो मी."

आणि खरं सांगतो, स्कूटरवर तो गाणं गुणगुणत होता.

पावणेबाराला पोचला. ट्रक रस्त्याच्या कडेला, चाकांना दगड लावलेले. चंद्र नव्हता. जीवन म्हणाला, "मागून येनाऱ्या गाड्यांना दिसाया फांद्या टाकून येतो, दादा. तुमी सुरू करा."

प्रितम मोबाइलचा उजेड छातीवर ठेवून खाली सरकला. तीन बोल्ट निघाले. चौथा काढला की शाफ्टचं वजन अंगावर येतं, एका माणसाला ते पेलत नाही. तो थांबणार होता, पण पलीकडून कोणीतरी हात घालून शाफ्ट उचलून धरला.

"बरा झाला आलास," प्रितम म्हणाला.



चौथा बोल्ट काढला. शाफ्टचे भाग सुटले. प्रितम खूण चाचपू लागला. इतक्यात मोबाइल छातीवरून घसरला. अंधार. खूण सापडेना.

मग त्याच्या मनगटावर पकड बसली.

ऊबदार. ग्रीसनं माखलेली. त्या हातानं त्याचा हात फिरवला. एक दात मागे.

खट्.

शाफ्ट आत सरकला.

"तुला... कसा ठावं रं?"



लांबून, वळणावरून, जीवनची हाक आली. "दादा, फांद्या टाकल्या! येऊ का धराया?"

प्रितमनं हात मागे ओढला.

पकड सुटली नाही. तिनं त्याचा तळवा उचलला. शाफ्टवर ठेवला. दाबून धरला.

किती वेळ... त्याला सांगता येत नाही.

आणि त्याला कळलं. जड बाजू कुठे आहे ते. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

जीवन आला तेव्हा चारही बोल्ट आवळलेले होते. प्रितम रस्त्यावर बसून होता. "म्या नाय आवळले," एवढंच म्हणत होता. ट्रक उरणपर्यंत गेला, कुठे जराही थरथर नाही.

आता प्रितम तळवा टेकवून जड बाजू सांगतो. लांबलांबून गाड्या येतात. ड्रायव्हर खूश होऊन म्हणतात, "अगदी दयाराम!" तसं म्हटलं की हा पाना फेकून मारायला उठतो. गेल्या महिन्यात माझ्याकडे येऊन रडला. "काका, आता माझा काम बी त्याचाच झाला. माझा काय ऱ्हायला?"

भर उन्हाळ्यात त्यानं लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. मी विचारलं, तर उजवी बाही वर केली. मनगटावर काळे ठसे, चार बोटं आणि अंगठा. रॉकेलनं धुतलं, साबणानं धुतलं, विटेनं घासून कातडी सोलली, जात नाहीत.

मी बोट लावून बघितलं.

ग्रीस ओलं होतं.